फोटोत नसलेला माणूस

प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, जो सहलीला जातो पण सहलीच्या फोटोत नसतो. समुद्र त्याने पाहिलेला असतो, पाळण्यात तो बसलेला असतो, सगळ्यांच्या तिकिटांचे पैसेही बहुधा त्यानेच दिलेले असतात. पण दहा वर्षांनी अल्बम उघडला तर त्याचा पुरावा म्हणून फार तर एक सावली सापडते. सूर्याकडे पाठ करून कॅमेरा धरावा अशी जुनी शिकवण, त्यामुळे ही सावली फोटोच्या खालच्या कडेला, मुलांच्या पायांपाशी पडलेली असते. एक डोके आणि बाहेर आलेली दोन कोपरे. घरच्या कर्त्या पुरुषाची नोंद एवढीच.

हे झाले आमच्या पिढीच्या अल्बमबद्दल. मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि मराठी मध्यमवर्गाच्या मे महिन्यात एका नव्या ठिकाणाची भर पडली. तोपर्यंत माथेरान, महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि कचेरीच्या प्रवास सवलतीवर चार वर्षांतून एखादे काश्मीर किंवा कन्याकुमारी. तिथे फोटो काढायचे ते धबधब्यापुढे, देवळापुढे किंवा एखाद्या ‘पॉइंट’वर. दरीकडे पाठ करून ओळीने उभे राहायचे, उन्हाने डोळे बारीक करायचे आणि ‘हलू नका’ म्हटले की श्वास धरायचा. एस्सेलवर्ल्डने पहिली पंचाईत केली ती ही, की इथे सगळे हलत होते. माणसे गोल फिरत, उलटी होत, किंचाळत. आपल्या हातात असे साधा हॉटशॉट किंवा तसलाच एखादा कॅमेरा. त्याने वेगात जाणाऱ्या पाळण्याचा फोटो काढला की हाती यायचा तो रंगीत धूर. ‘यातली मी कोणती?’ असे मुलगी विचारायची आणि आपण त्या धुरात कुठेतरी बोट ठेवायचे.

रोलमध्ये फोटो ३६. लावताना हात साफ असेल तर एखाददुसरा जास्त निघे. या छत्तिसाचे वाटप घरून ठरवून नेलेले असे. पहिला फोटो मार्वेच्या धक्क्यावरून निघालेल्या लाँचमध्ये, दुसरा प्रवेशद्वारापाशी, मग प्रत्येक मुलाचे दोन-दोन, एक सगळ्यांचा, एक आजीचा आणि सातआठ शिल्लक. हे शिल्लक फोटो मोठे गमतीचे असत. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही हा घराघरांतला अलिखित कायदा, त्यामुळे मे महिन्यातल्या पाळण्यांनंतरचा फोटो एकदम शाळेच्या पहिल्या दिवसाचा आणि त्यानंतरचे गौरी-गणपतीचे. एस्सेलवर्ल्ड कसे झाले हे आपल्याला भाद्रपदात कळायचे. मध्यंतरी सहल नुसती बोलण्यात राहायची आणि बोलता बोलता पाळणा दोन मजल्यांनी उंच व्हायचा.

तो कॅमेरा घरात एकाच माणसाचा असे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कातडी म्यानात, मुलांच्या हाताला लागणार नाही असा. बायकोच्या हाती तो एकदा-दोनदा दिला जाई तोही ‘इथे दाब, हलवू नकोस’ अशा सूचनांसह. मग आलेला फोटो तिरका आला की वर्षभर थट्टा. परिणाम असा, की त्या काळच्या अल्बमांत वडील नाहीत. चार मुले, आई, मावशी, शेजारचा बंडू, सगळे आहेत, वडील नाहीत.

यात हळहळण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. मी बँकेत होतो. वेगवेगळ्या शाखांवर मृत खातेदारांच्या दाव्याची कामे बरीच वर्षे माझ्याकडे होती. वारस यायचे, मृत्यूचा दाखला, पासबुक, अर्ज असे कागद टेबलावर ठेवायचे आणि सगळे झाल्यावर दारापर्यंत जाऊन परत यायचे. ‘साहेब, बाबांचा फोटो तुमच्याकडच्या फॉर्मवर असेल ना? घरी एकही धड नाही.’ खात्याला फोटो लावणे नव्वदच्या दशकात सक्तीचे झाले तेव्हा लोकांनी कुरकुर केली होती. आम्हीही केली होती, कारण फॉर्मांना डिंक लावत बसण्याचे काम आमचेच. पण पुढे तोच पासपोर्ट आकाराचा, कान दिसणारा, चोर पकडल्यासारखा फोटो एखाद्या घरातला वडिलांचा एकमेव स्वतंत्र फोटो ठरायचा. मूळ फॉर्म देता येत नसे. त्याची प्रत काढून घ्यायला मी कधी नाही म्हटले नाही.

ज्यांना सहलीतला एखादा फोटो सापडे ते नशीबवान. मग स्टुडिओवाला त्या घोळक्यातून वडिलांना कापून काढी, मोठे करी आणि त्यावर चंदनाचा हार चढे. अशा फोटोंत नीट पाहिले तर खांद्यावर कोणाची तरी चार बोटे असतात. माझ्या ओळखीच्या एका घरात, दिवाणखान्यातल्या हार घातलेल्या फोटोच्या मागे पाळण्याचा लाल दांडा दिसतो. गृहस्थ हसताहेत, केस वाऱ्याने उडालेत. त्या घरातला हा सर्वांत चांगला फोटो आहे आणि कॅमेरा चुकून दुसऱ्याच्या हातात गेला म्हणून तो निघाला.

एस्सेलवर्ल्ड २०२२मध्ये बंद झाले. त्याच्या कितीतरी आधी, २०१३ साली, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका उभे राहिले होते. ते उभारणारे मनमोहन शेट्टी मूळचे चित्रपटांच्या फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेचे, १९७८ साली सुरू झालेल्या अ‍ॅडलॅब्जचे. ज्यांचे नाव दुसऱ्यांच्या फिल्म धुण्यातून झाले त्यांनी असे ठिकाण काढावे जिथे येणारा प्रत्येक जण दिवसभर चित्रण करतो, पण धुवायला काही टाकत नाही, ही मला मोठी मौज वाटते.

नातवंडांबरोबर अलीकडे दोनदा तिथे गेलो. गुडघ्यांच्या कृपेने मोठ्या राइडवर बसणे नाही, त्यामुळे बाकावर बसून माणसे पाहणे हेच माझे मनोरंजन. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. फोटोत नसलेला माणूस आता बदलला आहे. फोन प्रत्येकाकडे आहे, वडिलांकडेही आहे. पण वडील आता स्वतःचा काढतात, मुले स्वतःचा काढतात. सगळ्या कुटुंबाचा दिवस टिपून ठेवण्याचे काम आईकडे आले आहे. तिकिटे तिच्या फोनमध्ये, लॉकरची किल्ली तिच्या मनगटावर, धाकट्याची टोपी तिच्या काखेत. अंगावर येणाऱ्या राइडवर फोन नेऊ देत नाहीत, तेव्हा सगळ्यांचे फोनही तिच्याच पिशवीत. ती खाली उभी राहून वर जाणाऱ्या गाडीकडे फोन रोखते, ‘हात करा, हात करा’ म्हणते आणि गाडी सुटली की पुढच्या वळणाकडे पळते. रात्री घरच्या ग्रुपवर दीडशे फोटो येतात. तिचा त्यात एक असतो आणि त्यात ती कोणाचे तरी नाक पुसते आहे.

आजीची अवस्था याहून सोपी. ती बाकावर, पिशव्यांसह. दिवसातून एकदा तिला बोलावून मध्ये उभे करतात, फोटो होतो आणि ती परत पिशव्यांकडे जाते.

ही ठिकाणे मुळात फोटोसाठीच बांधलेली असतात हेही सांगायला हवे. याची गंगोत्री अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला. १७ जुलै १९५५ रोजी तिथे डिस्नेलँड उघडले. वॉल्ट डिस्नेने ते रचायला चित्रपटांचे सेट उभारणारी माणसे घेतली होती. त्यांनी तिथल्या मुख्य रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाचे केले, म्हणजे दुमजली घर डोळ्याला आणि कॅमेऱ्याला उंच दिसावे. राजकन्येचा तो प्रसिद्ध किल्ला जेमतेम ७७ फूट आहे. वर जाताना त्याचे दगड लहान लहान होत जातात, म्हणून तो आभाळाला टेकल्यासारखा वाटतो. कोडॅक कंपनीने तिथल्या रस्त्यावर आपले दुकान थाटले होते. पुढे डिस्नेच्या पार्कांत तर पाट्याच लागल्या, इथे उभे राहा आणि फोटो घ्या अशा. अमेरिकेत जाऊन आलेल्या आपल्या पाच भाच्यांचे पाच अल्बम एकमेकांवर ठेवले तर किल्ला तंतोतंत जुळतो तो यामुळे. फक्त पुढचे चेहरे बदलतात.

आता तर यंत्रच फोटो काढते. राइड उतारावरून कोसळते त्या नेमक्या क्षणी बसवलेला कॅमेरा चमकतो आणि बाहेर पडायची वाट बरोबर त्या फोटोंच्या काउंटरवरून जाते. तिथे पडद्यावर आपले कुटुंब लटकत असते. मुलगा किंचाळतोय, जावयाचे डोळे मिटलेत, सुनेची ओढणी तोंडावर. किंमत ऐकून आपण पुढे सरकतो. सावकाश सरकावे असे मी सुचवीन. हिशेबी माणूस म्हणून माझा सल्ला असतो की अशा ठिकाणी पाण्याची बाटलीसुद्धा विचार करून घ्यावी. पण आख्ख्या दिवसात सगळे जण एकाच चौकटीत आलेले असतील तर ते याच फोटोत. कारण तो काढायला कोणाला खाली थांबावे लागलेले नाही. हा एक विकत घ्यावा.

फोटो काढत बसण्यापेक्षा डोळ्यांनी बघा, असा उपदेश हल्ली ज्येष्ठ मंडळी करतात. माझ्या पिढीला उपदेशाची सवयच आहे. या उपदेशाला थोडा आधारही आहे. अमेरिकेतल्या फेअरफील्ड विद्यापीठातल्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. लोकांना संग्रहालयात फिरवले, काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले. ज्यांचे फोटो काढले त्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. कॅमेऱ्याने ठेवले आहे ना, मग आपण कशाला ठेवा, असे मन म्हणत असावे. मात्र त्याच प्रयोगात ज्यांनी वस्तूचा एखादा बारकावा जवळ आणून टिपला त्यांची आठवण पक्की राहिली. पुढे २०१६मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवले की एखादा आनंदाचा अनुभव घेताना फोटो काढणाऱ्यांना तो बहुधा अधिकच रंगतदार वाटतो, कारण ते त्यात गुंततात. तेव्हा ‘फोन खिशात ठेवा’ हा सरसकट आदेश मला मान्य नाही. मूल पाळण्यात बसताना हाताची मूठ कशी आवळते, हे टिपण्यासाठी जो वाकला त्याने ते पाहिलेही.

मला महत्त्वाचा वाटला तो २०१७ सालचा तिसरा प्रयोग. लोकांनी कानात माहिती ऐकत ऐकत प्रदर्शन पाहिले. ज्यांच्या हाती कॅमेरा होता त्यांना पाहिलेले अधिक आठवले, पण ऐकलेले कमी. म्हणजे फोटोच्या नादात हातून निसटतो तो आवाज.

आणि आवाज हीच चीज अशी, की माणूस गेला की सगळ्यांत आधी तीच पुसट होते. चेहरा भिंतीवर राहतो. तो ‘अगं’ कसा म्हणायचा, हे काही वर्षांनी घरातल्यांनाही नक्की आठवत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याने नव्वदच्या दशकात आपल्या मेव्हण्याकडून व्हिडिओ कॅमेरा उसना आणला होता. खांद्यावर ठेवायचा, लहान मुलाएवढा जड. तो घेऊन तो एस्सेलवर्ल्डला गेला. नंतर आम्हाला घरी बोलावून ती कॅसेट दाखवली तेव्हा आम्ही फार हसलो होतो, कारण अर्धी कॅसेट जमिनीची होती. कॅमेरा चालू राहिल्याचे त्याच्या लक्षातच नव्हते. तो गृहस्थ निवृत्तीच्या आधीच गेला. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी त्याच्या मुलाने माळ्यावरून ती कॅसेट काढली. बुरशी धरली होती. मुलाने ती एकाकडून साफ करवून संगणकावर उतरवून घेतली. वहिनींनी ती पाहिली. पाहिली म्हणण्यापेक्षा ऐकली. तो कुठेच दिसत नाही, पण आवाज सगळ्यांत जवळून येतो, कारण माइक त्याच्याच तोंडापाशी. ‘ए, इकडे बघ. बघ की. अगं, पदर सावर, वारा आहे. हां. आता हस.’ आणि मग जमीन, चपला, कोणाचे तरी आइसक्रीम सांडलेले आणि वर त्याचे मुलाला समजावणे, की रडू नको, दुसरे घेऊ, आईला सांगू नको.

वहिनी मला म्हणाल्या, ‘भावोजी, तेवीस वर्षांनी कळलं, दोन आइसक्रीमं घेतली होती ते.’

फोटोत नसलेल्या माणसाला अशा रीतीने सहलीत परत आणता येते. पण हल्लीच्या चित्रणात हेच नेमके काढून टाकतात. पंधरा सेकंदांची पट्टी, तिच्यावर तयार गाणे, खालचा मूळ आवाज बंद. आत कोण काय बोलले याला जागाच नाही. माझे सुनेला एवढेच सांगणे असते, की गाणे लावायचे ते पाठवायच्या पट्टीवर लाव. घरी ठेवायची तशीच राहू दे. आणि राइडचे चित्रण थोडे करावे. गाडी येते, गाडी जाते, सगळ्या गाड्या सारख्या. त्यापेक्षा रांगेचे करावे. अशा पार्कात गर्दीच्या दिवशी कितीतरी वेळ रांगेतच जातो आणि घरची माणसे एकमेकांशी बोलायला मोकळी सापडतात ती तिथेच. आजोबा गुऱ्हाळातल्या बैलाची गोष्ट सांगतात, नातू त्यांना विचारतो की तुमच्या वेळी डायनोसॉर होते का, भूक लागते, भांडण होते. रांगेत कोणी फोन काढला तर तो मान खाली घालून दुसऱ्यांच्या सहली बघण्यासाठी.

वॉटरपार्कबद्दल मात्र माझे मत थोडे कडक आहे. तिथे गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात फोन अडकवून लोक पाण्यात उतरतात. आपल्या मुलाचे चित्रण करताना मागे चार अनोळखी बायका ओल्या कपड्यांत असतात, कोणाच्या मुली असतात. कित्येक बायका फोन वर झालेला पाहून पाण्यात खांद्यापर्यंत बुडून उभ्या राहतात, हे मी पाहिले आहे. पैसे भरून आलेल्या बाईने असे लपून आंघोळ केल्यासारखे का उभे राहावे? पाण्यात फोन नको, काठावर हवे तेवढे काढा, असा नियम पार्कवाल्यांनी करून तो पाळून घ्यायला हरकत नसावी. आपल्या पोरांचे असले फोटो स्टेटसला लावण्याबद्दलही तेच. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला विचारले तर ती स्पष्ट सांगते, हा नको. आपण विचारत नाही.

राहता राहिला जपणुकीचा प्रश्न. निगेटिव्ह होती तोवर निदान खोक्यात काही पडलेले असे. नंतरच्या सीड्या आज घालायला यंत्र नाही. फोन बदलला, हरवला, पाण्यात पडला की वर्षे जातात. ग्रुपवर आलेला फोटो बारीक करून आलेला असतो. तो मोठा करून भिंतीवर लावायचा म्हटले की चेहरा ठिपक्याठिपक्यांचा होतो. म्हणून मूळ फोटो ज्याने काढला त्याच्याकडून घ्यावा, दोन ठिकाणी ठेवावा आणि दर सहलीतले निवडक छत्तीस कागदावर छापून घ्यावेत. छत्तीसच का, तर दीडशेतून निवडायला बसले की घरात पुन्हा एकदा सहल होते म्हणून. मागे पेन्सिलने तारीख, ठिकाण आणि नावे लिहावीत. बँकेत ज्या व्हाउचरवर तपशील नाही त्याच्यावर ऑडिटर लाल खूण करतो. घरी पन्नास वर्षांनी ऑडिटला येणारी पणती असेल आणि ‘ही निळ्या साडीतली कोण?’ या तिच्या शेऱ्याला उत्तर द्यायला आपण नसू.

निवडताना घरातल्या प्रत्येकाचा एक तरी फोटो आहे ना, हे मोजून पाहावे. जो निघत नाही तो कोण हे लगेच कळते.

त्याच्यावर उपाय म्हणून मध्यंतरी ती काठी आली होती, तिच्या टोकाला फोन लावून स्वतःसकट सगळ्यांचा फोटो घ्यायची. राइडवर लोक ती बाहेर काढू लागले, तेव्हा डिस्नेने २०१५मध्ये आपल्या पार्कांत तिला बंदी केली. मला ती काठी तशीही आवडली नव्हती. आपल्याकडे त्याहून जुनी सोय होती. जवळून जाणाऱ्या अनोळखी माणसाला ‘काका, जरा एक फोटो काढता का?’ म्हणायचे आणि आपला महागामोलाचा कॅमेरा बेलाशक त्याच्या हाती द्यायचा. तोही पिशव्या खाली ठेवून, एक डोळा मिटून, ‘थोडे जवळ या’ म्हणायचा. आता लोक विचारायला लाजतात. बाकावर बसल्या बसल्या मीच विचारतो, काढू का? आधी चमकतात, फोन घेऊन पळेल का म्हणून माझ्या गुडघ्यांकडे बघतात आणि मग देतात.

मागच्या खेपेला एका दिवसात तीन कुटुंबांचे काढले. तिसरे सोलापूरकडचे होते, बोलण्यावरून कळत होते. फोन बाईंच्याच हातात. मी विचारल्यावर म्हणाल्या, ‘माझा कशाला, घामेजलेय मी.’ पण धाकटी ओरडली, ‘आई, तू मध्ये ये ना!’ तेव्हा फोन माझ्या हातात देऊन त्या धावत गेल्या, जाता जाता केसांवरून हात फिरवला, पिशवी नवऱ्याच्या हातात कोंबली आणि दोन मुलांच्या मध्ये शिरल्या. मी चार काढले. एकात त्यांचे डोळे मिटलेत. तोही पुसू नका, असे सांगून फोन परत दिला.